कल्लूफूल

तुला फुलांची फार आवड होती, असं परवा एक माणूस माईकवर म्हणाला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, माझ्या तोंडावर म्हणाला. तू आणि फुलं! झाड बघितलं की तुझा एकच प्रश्न असायचा, खातात का? खात असतील तर ते झाड, नाहीतर कचरा. गणपतीच्या हारातलं जास्वंद काढून तू त्याची चटणी होते का बघितली होतीस. आणि हा म्हणतो आवड होती. त्याला तू कोण हेसुद्धा माहीत नसणार. हातात चिठ्ठी होती, त्यात कुणीतरी लिहून दिलं होतं.

कॉलेजनं तुझ्यासाठी सभा ठेवली होती. तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. मागं बोर्ड लावला होता, 'कै. नीलाताई'. तुला जन्मात कुणी ताई म्हटलं नाही. नीलव्वा म्हणजे नीलव्वा. पण व्वा म्हटलं की बोर्डावर शोभत नसेल. फोटो त्या डोंगरावरचा होता. फोटोत शेजारी मी होतो, मला कापलं होतं. माझा खांदा तेवढा राहिलाय, तुझ्या कानाला चिकटून. मी तासभर माझ्याच खांद्याकडं बघत बसलो.

मग म्हणाले, काकांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो, माईकपाशी गेलो, खोकलो आणि परत येऊन बसलो. लोकांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं दुःखानं. दुःखानं नव्हे, रागानं. तेव्हा आपल्याला डोंगरावर नेणारे ते सर जवळ येऊन म्हणाले, "काका, बोलवत नसेल तर लिहून द्या, आपण अंकात छापू." चौथी शिकलेला माणूस मी. पण लिहितो. त्यांच्यासाठी नाही. त्यांनी छापावं नाहीतर चुलीत घालावं.

खरं सांगतो, मी त्या सभेला रडायला गेलोच नव्हतो. मला एकच गोष्ट विचारायची होती. त्या दिवशी डोंगरावर तू काय ओरडलीस? आपलं हे भांडण तू अर्धं टाकून गेलीस. तिथं आपल्याशिवाय दोनच माणसं होती, एक ते सर आणि एक ती पद्मा. म्हटलं, ही सगळी एका जागी सापडतील, विचारून घेऊ. चहा-बिस्किट देतात तोवर काम होऊन जाईल.

तुला सगळं माहीत आहे. पण छापलं तर वाचणाऱ्याला कळायला पाहिजे, म्हणून मुळापासून सांगतो. मधे बोलू नकोस.

माझं नाव दगडू. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. तिसरा मी. आईनं नाव दगडू ठेवलं, म्हणजे दगडासारखा टिकंल. टिकलो. तू अक्कलकोटकडची, तुमच्या घरात कानडी. लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आलीस, तेव्हा तुझ्या आईनं तुला भांड्यांबरोबर एक अक्कलही बांधून दिली होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. आता त्या काळी कुठलीच बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती, तिथवर ठीक. उखाण्यात तरी घ्यायच्या. लग्नात बायका तुझ्या मागं लागल्या, नाव घे, नाव घे. तू उखाणा सगळा म्हटलास आणि नावाच्या जागी खोकलीस. मांडव हसला. माझी आई हसली नाही.

तू एवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं. तू दगड हा शब्दच घरातनं हाकलून दिलास. कानडीत दगडाला कल्लू म्हणतात. झालं. वाटेत कल्लू आला, पोरानं कुत्र्याला कल्लू मारला, डाळीत कल्लू निघाला. काळ्या मसाल्याला दगडफूल लागतं, तर वाण्याच्या दुकानात उभी राहून, "कल्लूफूल द्या." वाणी म्हणायचा, "मावशी, असलं काय नसतंय." तू डब्याकडं बोट करायचीस. "दगडफूल म्हणा की मग." "तुमी म्हना. मला काय गरज न्हाई."

आणि ह्याचं फळ कुणाला? मला. मी रंगानं काळा. गल्लीतल्या बायकांना वाटलं तू मलाच कल्लू म्हणतेस. तिथनं ते यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं. माझ्या शेजारच्या मागावर सलीम होता, मागाच्या खडखडाटात बेंबीच्या देठापासनं ओरडला, "क्या रे कल्लू! भाभी ने नाम बराबर रखा तेरा!" तेव्हापासनं मी कल्लू. कारखान्यात कल्लू, गल्लीत कल्लू, चहाच्या टपरीवर कल्लूशेठ. पोरं अप्पा म्हणतात. तू 'री' म्हणायचीस, कानडी बायका म्हणतात तसं. दगडू म्हणणारी एकटी आई होती. ती गेल्यावर ते नाव रेशनकार्डावर जाऊन बसलं.

मी तुला किती वेळा म्हटलं, एकदा घे. दार लावून घे. कुणी ऐकत नाही.

"मरायचंय व्हय तुमाला?"

"एकदा घेतल्यानं कोण मरतंय?"

"एकदाच मरतंय मानूस."

असली बाई. हिच्याशी कुणी काय बोलावं?

आता डोंगर. सात पावसाळे झाले त्याला. तू पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजारात बसायचीस. पाथरी, घोळ, तांदुळजा, चिगळ. पहाटे उठून माळावरनं, बांधावरनं खुडून आणायचीस. ते सर तिथं यायचे. झाडपाल्याचे मास्तर. भाजी घ्यायचे एक जुडी आणि प्रश्न विचारायचे वीस. ही कुठं उगवते, कधी उगवते, कुणी सांगितली. तू एकदा म्हणालीस, "सर, शिजवून खावा आधी, मग इचारा." त्याच दिवशी त्यांनी ठरवलं म्हणे, ह्या बाईला न्यायचं. पावसात सह्याद्रीच्या डोंगरात झाडं गोळा करायला चालले होते. 'जाणकार' पाहिजे होता. तू म्हणालीस, "ह्यास्नी घेतलं तर येते." म्हणजे जाणकार तू, आणि मी तुझ्या पदराची गाठ. माझा कारखाना तेव्हा बंद पडला होता, घरीच होतो. सरांनी मला हमाल केला. लाकडी जाळीच्या दोन फळ्या, त्यांच्यामधे रद्दी पेपरांची चळत, वरनं पट्टे आवळलेले. तोडलेलं झाड त्या पेपरात दाबून वाळवायचं. ते सगळं माझ्या पाठीवर. वरनं पाऊस. पेपर भिजू नयेत म्हणून त्यांना ताडपत्री होती. मला नव्हती.

चौथी पद्मा. आपल्या पेठेतल्याच विणकराची पोर, घरात तेलुगू, कॉलेजात शिकायला. काखेत वही. मावशी जे बोलतील ते सगळं लिहायचं, असं सरांनी तिला सांगितलेलं. सगळं म्हणजे सगळं. तिनं पहिल्या दिवशी 'मावशींना जीपमध्ये उलटी झाली' हेसुद्धा लिहिलं.

तिथला पाऊस मला पटला नाही. आपल्याकडचा पाऊस येतो, पडतो, जातो, त्याला बाकीची कामं असतात. तिथला पाऊस रिकामटेकडा. दिवसभर अंगावर रेलून बसायचा. धुक्यात आपलाच हात दिसत नाही आणि सर म्हणतात, "वाहवा." कशाला वाहवा? काय दिसलं म्हणून?

आणि तुझी फजिती. ती मी अजून विसरलो नाही. माळावरची राणी तू, पण त्या डोंगरावरची दहातली आठ झाडं तुझ्या बापजन्मी तू बघितली नव्हतीस. सोलापूरच्या मुरमाडात तसलं उगवतं कुठं? सरळ सांगायचं, सर, मला ठाऊक न्हाई. पण कबूल करशील तर तू कसली! सरांनी एक जाड, केसाळ पान तोडून विचारलं, "मावशी, ह्याला काय म्हणतात?"

तू पान उलटसुलट केलंस, वास घेतलास, आभाळाकडं बघितलंस. "सासूकान."

"असं का म्हणतात?"

"कितीबी बोला, ऐकतच न्हाई."

माझी आई जाऊन बारा वर्षं झाली होती. तिला बिचारीला तू डोंगरावर चढवलंस. पद्मा तोंडावर ओढणी दाबून हसायला लागली. सरांनी मात्र मान हलवून गंभीरपणे सांगितलं, "लिही, लोकांमधलं नाव, सासूकान." शिकलेली माणसं! अशी तीन नावं तू त्यांना खोटी दिलीस. मला पक्की माहीत आहेत. मी गप्प बसलो, कारण पाठीवर वजन होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झाड लागलं. कसलं होतं देव जाणे. बुंध्यावर सगळीकडं हिरवट-राखाडी काहीतरी चिकटलेलं, कडा वळलेल्या, भिजून मऊ, लहान पोराच्या कानाच्या पाळीसारखं. तू हात लावलास आणि काढून घेतलास. जितं आहे म्हणून.

पद्मा म्हणाली, "मावशी, हे दगडफूल."

तू तिच्याकडं असं बघितलंस जशी तिनं तुला शिवी दिली. पन्नासेक वर्षं तू ते तेलात टाकून परतलंस, पाट्यावर वाटलंस. काळं, वाळकं, कागदासारखं. तुला वाटायचं ते असंच जन्मतं, वाण्याच्या डब्यात. मग तू पुढं वाकून त्याचा वास घेतलास. ओल्याला मसाल्याचा वास येत नाही. नुसता पावसाचा येतो. तू त्या झाडाला हात टेकून लई वेळ उभी राहिलीस. मी पाठीवरचं ओझं खाली ठेवलं आणि तुझ्याकडं बघितलं. तुझ्या डोक्यावर पोत्याची खोळ, नाकावरनं पाणी गळत होतं. मी हे तुला कधी सांगितलं नाही. सांगून तू काय केलं असतंस? "बघायचं सोडून ताडपत्री धरा" म्हणाली असतीस.

मग म्हणालीस, "री, बघा. कल्लूफूल हिरवं असतंय की."

सरांचे कान टवकारले. "काय म्हणालात? कल्लू? का बरं?"

तू एकदा माझ्याकडं बघितलंस. मी वाट बघितली. आता तरी सांगशील, माझ्या मालकाचं नाव हाय त्यात म्हणून. तू म्हणालीस, "तसंच म्हंत्यात."

"बरोबर," सर म्हणाले, "वाळल्यावर काळं पडतं, त्यावरनं कल्लू. लिही पद्मा, काळ्या रंगावरून." आणि वरनं तुला सांगायला लागले, मावशी, ही तशी वनस्पतीच नव्हे. दोन वेगळे जीव एकमेकाला धरून राहतात, एक घर करतो, दुसरा अन्न तयार करतो.

"ह्यात बसून खानारा कोन, ते मी सांगू का सर?" तू म्हणालीस.

हे पद्मानं लिहून घेतलं. मी नंतर वाचलं.

त्याच दिवशी उतरताना ते झालं. वाट म्हणजे वाट नव्हती, पाण्याचा ओहोळ होता. मी पुढं, पाठीवर फळ्या. तू आणि पद्मा माझ्यापेक्षा वीस-पंचवीस पावलं वर. सर आणखी मागं. मी खाली बघत पाय टाकत होतो. माझ्या कानांची गत तुला माहीत आहे, तीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली, पावसात तर मला सगळं एकच ऐकू येतं. आणि वरनं आवाज आला.

"दगडूऽऽ!"

मी विचार केला नाही. मी उडीच मारली, कडेच्या झुडपात. माझ्या जागेवरनं पाट्याएवढा दगड गडगडत गेला, एकदा आपटला आणि खाली धुक्यात नाहीसा झाला. आवाज येत राहिला, मग तोही थांबला. फळ्यांचा पट्टा तुटला होता. दोन दिवसांची झाडं चिखलात पसरली होती. तुझं सासूकान माझ्या मांडीवर.

तू धापा टाकत खाली आलीस. मला दोन्ही हातांनी चाचपलंस, बाजारात वांगं चाचपतात तसं. मी म्हटलं,

"तू नाव घेतलंस."

"न्हाई."

"मी ऐकलं."

"तुमचे कान मागानं खाल्ल्यात. मी कल्लू म्हनले. कल्लू आला म्हनून कल्लू म्हनले."

"कल्लूला मी वळत नाही. दिवसातनं शंभरदा लोक कल्लू म्हणतात, मी वळतो काय?"

"वळला न्हवं? मग कल्लूच."

आणि तू तोंड फिरवलंस. पद्माला दंडाला धरून थोडी लांब घेऊन गेलीस, झाडाच्या आड. मी म्हटलं बायकांचं काहीतरी असेल, पाठ फिरवली. तेवढ्यात सर पोचले, छत्री उलटी झालेली, आणि आल्या आल्या काय म्हणाले असतील? "अरेरे, नमुने गेले!" माणूस गेला असता तर तो नमुन्यांच्या नंतर लक्षात आला असता.

मी आयुष्यात पुष्कळ भांडलो तुझ्याशी. तुझ्या भावावरनं, रेडिओवरनं, धाकट्याच्या लग्नावरनं. ती सगळी भांडणं कुठंतरी संपली. हे नाही संपलं. सात वर्षं. जेवताना मी मधेच म्हणायचो, "दगडू म्हणालीस." तू वाढता वाढता म्हणायचीस, "कल्लू." अंथरुणावर पडल्यावर, "दगडू." भिंतीकडं तोंड करून, "कल्लू. झोपा." पोरांना वाटायचं म्हातारा-म्हातारीला चळ लागलाय.

तुला वाटायचं मी चिडवतो. मी चिडवत नव्हतो गं. आई गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. त्या डोंगरावर कुणीतरी मारली. ती तू होतीस की माझे कान, एवढंच मला कळायला पाहिजे होतं. हे असं सरळ तुला सांगायला पाहिजे होतं. सात वर्षं होती माझ्याकडं. मी खिचडी खात बसलो.

खिचडीचं सांगतो. डोंगरावरनं आल्यावर पुढच्याच सोमवारी तू उपास धरलास. कडक. नुसतं पाणी, संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन यायचं आणि मग एक केळं. मी विचारलं, "कसला नवस?" "तुमाला काय करायचंय?" मला हसू आलं. म्हातारपणी धर्म सुचतो लोकांना. मी मुद्दाम सोमवारी धाकट्या सुनेला साबुदाण्याची खिचडी करायला लावायचो आणि तुझ्यासमोर बसून खायचो, वर दाण्याचा कूट जास्त घालून. तू माझ्याकडं बघत बसायचीस. "पोटभर खावा," म्हणायचीस. मला वाटायचं टोमणा मारतेस.

मग डॉक्टरनं सांगितलं साखर वाढलीय, उपास बंद. तू त्याच्यासमोर मान डोलावलीस आणि सोमवारी परत पाणी. मी ओरडलो, पोरं ओरडली. डॉक्टर तुला म्हणाला, "आजी, तुम्ही ऐकत का नाही?" मी म्हटलं, "सासूकान हाय हे." तू हसलीस. तेव्हा मला वाटलं, हरली. तू हरली नव्हतीस, तू सोमवार सोडला नाहीस.

दवाखान्यात शेवटी शेवटी मी तुझ्या कानाशी तोंड नेलं. म्हटलं, आता तरी खरं सांग. मी काय रागावत नाही. तू डोळे उघडलेस, आणि किती थकली होतीस तरी कपाळाला आठ्या घातल्यासच.

"कितीदा सांगू री? कल्लू."

ह्याच्यानंतर तू पाणी मागितलंस, धाकटीला तिच्या पोराचं दप्तर घेतलं का विचारलंस. पण माझ्याशी बोललीस ते हेच.

आता सभेचं पुरतं करतो. चहा झाल्यावर मी सरांना गाठलं. ते मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास. त्यांनी एक कागदाची पुडी काढून उघडली, त्या दिवशी त्यांच्या खिशात होती म्हणून चिखलातनं वाचलेली. आत तेच. वाळून काळं, वळलेलं, वाण्याच्या डब्यातल्यासारखं. पुडीवर छापील चिठ्ठी. वर इंग्रजीत काहीतरी, खाली मराठीत, 'स्थानिक नाव: कल्लूफूल (काळ्या रंगावरून)'. त्याच्याखाली, 'गोळा करणारे', आणि पुढं सरांचं नाव.

"हिचं नाव कुठाय?"

"काका, माहिती देणारे म्हणून वहीत आहे की त्यांचं."

"झाड वहीत हाय का पुडीत?"

सर जरा लाल झाले. त्यांनी पेन काढलं. "काय लिहू? नीलाताई?"

"नीलव्वा. व ला व जोडून."

लिहिलं त्यांनी. अक्षर चांगलं आहे, तेवढं म्हणतो. मग त्यांना वाटलं मी सगळ्याच चुका दुरुस्त करायला आलोय, म्हणाले, "आणि नावाचं काही चुकलंय का? कल्लूफूल?" मी त्या पुडीकडं बघितलं. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. सर, त्यात काळा रंग नाही, त्यात मी आहे. म्हटलं, "बरोबर हाय. काळ्या रंगावरनंच." खोटं बोललो. तुझं खोटं मी का मोडू?

मग विचारलं, "त्या दिवशी दगड आला तेव्हा ही काय ओरडली, आठवतं?"

"ओरडल्या होत्या का? काका, माझी छत्री उलटी झाली होती हो."

त्या माणसाला देवानं डोळे झाडांसाठी दिलेत आणि कान दिलेच नाहीत. मी उठलो.

पद्मा बाहेर जिन्यात उभी होती. आता ती तिथंच शिकवते. तिच्या हातात वही. ती सात वर्षांपूर्वीची, पाण्यानं फुगलेली, कडा तांबूस. तिला ठाऊक होतं मी येणार.

"काका, तुम्ही विचाराल असं मावशी म्हणाल्याच होत्या."

"मग सांग."

"मी नाही सांगणार. शपथ घातलीय त्यांनी."

तिनं पान काढून दाखवलं. वर दगडफुलाचं सगळं होतं, बसून खाणाऱ्याचंही. मग लिहिलं होतं, 'उतरताना दगड सुटला. मावशी ओरडल्या,' आणि पुढं एक शब्द. तो खोडलेला. साधा खोडलेला नव्हे, पेन इतक्यांदा फिरवलेलं की कागद फाटायला आलेला. खाली परत नीट अक्षरात, 'दगड दरीत गेला. काका सुखरूप.'

"हे कधी खोडलंस?"

"तिथंच. झाडाच्या आड नेऊन म्हणाल्या, खोड. मी एक रेघ मारली. म्हणाल्या, अशी नव्हं, देवाला बी वाचता येऊ ने अशी खोड." पद्माचे डोळे भरले. मला असली रडणारी माणसं आवडत नाहीत. "काका, पान उजेडात धरलं तर मागनं दिसेल. मी सांगणार नाही, पण तुम्ही बघितलंत तर माझी शपथ मोडत नाही."

जिन्याच्या खिडकीतनं ऊन येत होतं. मी वही हातात घेतली. आणि मिटून परत दिली.

कशाला बघू? अगं बये, कल्लू म्हणाली असतीस तर खोडायला लावलं असतंस का? कल्लू तर तू चारचौघांत, दुकानात, देवळात म्हणायचीस. कल्लू देवापासनं कोण लपवतं?

म्हणजे तू घेतलंस. मी बहिरा नव्हतो.

जिना उतरताना मला सोमवार कळले. इतका मठ्ठ आहे मी, सात वर्षं खिचडी खाल्ली आणि कळलं नाही. नाव घेतलंस, माझं आयुष्य कमी झालं, आणि ते तू सोमवार धरून माझ्या अंगावर परत घालत होतीस. घाल की. सगळं घातलंस. "पोटभर खावा" म्हणालीस. आणि तुझं तुला किती उरलं ते बघितलं नाहीस.

तुझ्या आईनं दिलेली ती अक्कल, तिला आग लागो. नाव घेतल्यानं नवरा मरतो? मी त्या दिवशी नावानंच वाचलो. तू 'कल्लू' ओरडली असतीस तर मी मान खाली घालून तसाच चालत राहिलो असतो, तो पाटा माझ्या पाठीवर बसला असता, आणि तू विधवा होऊन आईचा शब्द पाळल्याचं पुण्य मिळवलं असतंस. तू शब्द मोडलास म्हणून मी आज हे लिहायला बसलोय. हे तुला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मीच सांगायला पाहिजे होतं. पण तू कबूल केल्याशिवाय मी कसं सांगणार, आणि मी सांगितल्याशिवाय तू कशाला कबूल करणार?

हरलीस तू. सात वर्षांचं भांडण मी जिंकलो. घरी येऊन मोठ्यानं म्हटलं, "दगडूच म्हणालीस." स्वयंपाकघरात धाकटी सून होती, तिनं भांडं खाली ठेवलं. भिंतीकडनं कुणी 'कल्लू' म्हणालं नाही.

आता तुला भ्यायचं कारण नाही. माझं जे व्हायचं ते होईल, तुझ्यामुळं होणार नाही. नाव घे, नाहीतर री म्हण, नाहीतर सगळ्या पेठेसारखं कल्लू म्हण. मी कल्लूला वळत नाही असं तुला म्हणालो होतो ना? म्हणून तर बघ. वळतो.